सत्याचं गाव कुठलं?

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी ठासून सांगितलं की आपल्याकडची पोरं बिघडली ती गुंडांच्या सिनेमांमुळे. तलवारीने केक कापणं, चौकात 'भाई'चा फ्लेक्स लावणं, गाडीच्या टपावर बसून रील काढणं, या सगळ्याचं मूळ त्यांनी राम गोपाल वर्मांच्या 'सत्या'त नेऊन ठेवलं. टाळ्या पडल्या. व्यासपीठावर बसलेल्यांनीही वाजवल्या. वाढदिवसाच्या त्याच फ्लेक्सवर वरच्या रांगेत यांचे फोटो असतात आणि पोराचा फोटो त्यांच्या खाली असतो, हे तिथे कुणी बोललं नाही. म्हणून हा लेख.

'सत्या' 3 जुलै 1998 रोजी प्रदर्शित झाला. त्याआधीच्या दीड वर्षात मुंबईने काय पाहिलं होतं? 16 जानेवारी 1997 ला कामगार नेते दत्ता सामंत यांचा पवईत खून झाला, 12 ऑगस्टला टी-सीरिजचे गुलशन कुमार यांचा अंधेरीत. खंडणीचे फोन आणि पोलिसांच्या चकमकी रोजच्या पेपरात होत्या. ज्या शहरात 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरात चूल पेटायची पंचाईत झाली, त्या शहराला टोळीसाठी पोरं मिळवायला सिनेमाची गरज नव्हती. वर्मांच्या कितीतरी आधी ती भरती झाली होती.

पण वक्त्यांवर माझा खरा राग वेगळाच आहे. त्यांनी 'सत्या' पुरता पाहिलेला नाही. समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून अख्ख्या मुंबईला ललकारणारा भिकू म्हात्रे त्यांना आठवतो, रीलवाल्या पोरांनाही तेवढाच आठवतो. मनोज बाजपेयींनी तो असा उभा केलाय की आठवणारच. पुढे त्याचं काय होतं? त्याचा राजकीय पाठीराखा भाऊ ठाकूरदास झावळे निवडणूक जिंकतो. भिकू त्याच्या आनंदात सामील व्हायला त्याच्या घरी जातो आणि भाऊ तिथेच त्याला गोळी घालतो. भाऊचा हुकूम डावलून भिकूने विरोधी टोळीच्या गुरू नारायणला मारलं होतं, त्याची ही परतफेड. पण ती केव्हा होते ते बघा. मतमोजणीच्या आधी भाऊ हात उचलत नाही. प्रचार संपेपर्यंत भिकू लागतो, गुलाल उडाला की लागत नाही. अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला या लेखकांनी हा प्रसंग जितका थंडपणे लिहिलाय, तितक्या थंडपणे मराठी राजकीय कादंबरीतही क्वचितच कुणी लिहिलं असेल. हा सिनेमा पोरांना बिघडवतो म्हणणं म्हणजे पंचनामा करणाऱ्यालाच आरोपी करणं.

इथे मला रॉबर्ट वॉरशो आठवतो. 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेलेला हा अमेरिकन समीक्षक माझ्या फार जवळचा आहे. 1948 मध्ये त्याने गँगस्टरला शोकांत नायक ठरवणारा एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेला सतत आनंदी दिसायची सक्ती आहे. त्या सक्तीला नकार देणारा माणूस पडद्यावर गँगस्टर होऊन येतो. खऱ्या शहरात गुन्हेगार असतात, गँगस्टर असतो तो आपल्या मनातल्या शहरात. त्याला यश हवं असतं. पण यश म्हणजे गर्दीतून एकट्याने वर येणं, आणि वर आलेला एकटा माणूस टिपला जाणारच. म्हणजे यशस्वी होणं हाच त्याचा गुन्हा आणि मरणं ही त्याची शिक्षा. आपण सुरक्षित खुर्चीत बसून दोन्ही भोगतो. वॉरशोपुढे 'लिटल सीझर' आणि 'स्कारफेस' होते. त्या सिनेमांना त्याचा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो.

'सत्या'ला पडत नाही, आणि मला या निबंधातलं सर्वांत मोलाचं जे सापडलं ते या न जुळण्यातच. भिकू एकटा नाही. त्याला प्यारीसारखी बायको आहे, मुलं आहेत, टोळीतला कल्लू मामा आहे, जिवाला जीव देणारा सत्या आहे. तो मरतो तो फार वर चढल्यामुळे नाही. त्याच्या वर आधीच एक माणूस बसलेला आहे म्हणून मरतो. वॉरशोच्या शिडीला वरचं टोक मोकळं आहे. आपल्या शिडीच्या टोकाला भाऊ बसलेला असतो. अमेरिकेचा गँगस्टर यशाने मरतो, आपला वापरून झाल्यावर मरतो.

इथवर मी 'सत्या'ची बाजू घेतली. पण पुन्हा पाहताना एक गोष्ट खुपते. सत्या मुंबईत उतरतो, तो कुठून? सिनेमा सांगत नाही. गाव नाही, आईबाप नाहीत, शेत नाही. शहरी समीक्षकांना ही न सांगण्याची कला फार आवडते. मला ती आता पळवाट वाटते. भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी धावड्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सोडता येत नाही. मका, कापूस, मिरचीचं गणित बसलं नाही की इथली पोरं वाळूजला जातात, चाकणला जातात. शहराला ती बिनगावाचीच दिसतात.

प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये 'मुळशी पॅटर्न'मध्ये ही जागा भरली. जमीन विकून बसलेला बाप, हमाली, आणि त्या अपमानातून उठलेला राहुल्या. सिनेमा भडक आहे, गाण्यांनी तो स्वतःचंच म्हणणं बुडवतो, तरीही गुंडाच्या मागे सातबारा असतो हे त्याने मराठी प्रेक्षकाला दाखवलं. हे काम 'सत्या'ने केलं नव्हतं.

पण मुळशीला पुणे चिकटलेलं आहे. आमच्याकडे बंगल्यांसाठी जमीन मागायला कुणी येत नाही. समृद्धी महामार्गही जालना-बदनापूरकडून गेला, त्याचा मोबदला आमच्या वाट्याला नाही. मग आमच्या पोराला 'भाई' कोण करतं? वाळू करते. पूर्णा, गिरजा, केळना या नद्यांच्या पात्रात रात्री ट्रॅक्टर आणि हायवा उतरतात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या उपशाला पर्यावरण परवानगी सक्तीची केली. 2023 मध्ये राज्याने सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण जाहीर केलं, ते दोन वर्षांत बदललं. घरकुलवाल्याला वाळू लागतेच, कायदेशीर वाळू वेळेवर मिळत नाही, आणि त्या फटीत धंदा उभा राहतो. त्यात बावीस वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो, तलाठ्याची गाडी आली की मोबाईलवर इशारा देतो, प्रसंगी अंगावर जातो. गुन्हा त्याच्या नावावर दाखल होतो. ट्रॅक्टर कुणाचा, हायवाचे हप्ते कोण भरतं, हे गावाला पाठ असतं आणि फिर्यादीत नसतं. निवडणुकीत तोच पोरगा मोटारसायकल रॅलीत पुढे असतो. निकालानंतर जामिनासाठी त्याची आई चकरा मारते. भिकूला निदान निकालानंतर लगेच गोळी मिळाली, याला तारखा मिळतात.

या पोराचा सिनेमा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. मुंबईचा गुंड पाहिला, पुण्याचा पाहिला, नदीपात्रातला पाहायचा राहिला. भोकरदन-जाफराबादच्या लिहित्या पोरांनो, तुमच्यापैकी कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा वर्गमित्र त्या ट्रॅक्टरवर आहे. त्याची गोष्ट लिहा. सत्यासारखा तो गाडीतून उतरतो तिथून सुरू करू नका, ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या हातात कुणी दिली तिथून सुरू करा. आणि किल्ली देणाऱ्याला पडद्यावर नाव, चेहरा आणि घर द्या.