गाडीत बसलेली माणसे



नाताळानंतर दोन दिवस घरी गेलो होतो. संध्याकाळी धाकट्या भावाने एक जुना इंग्रजी विनोदी चित्रपट लावला, ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’. १९८३ सालचा, दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिस. सेमिनरीत असताना तो मी एकदा पाहिला होता आणि पोट धरून हसलो होतो. ह्या वेळी शेजारी आई बसली होती. (काही प्रसंग भावाने रिमोट घेऊन पुढे पळवले. हा चित्रपट सगळाच मुलाबाळांसह पाहण्याजोगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

गोष्ट साधी आहे. शिकागोकडचा क्लार्क ग्रिसवॉल्ड बायको एलन, मुलगा रस्टी आणि मुलगी ऑड्री ह्यांना घेऊन कॅलिफोर्नियातील ‘वॉली वर्ल्ड’ ह्या मनोरंजन नगरीकडे निघतो. विमानाने जाऊ, असे एलन सुचवते. क्लार्क ऐकत नाही. मुलांचा सहवास मिळावा म्हणूनच तर गाडीने जायचे! इथपर्यंत आपण त्याच्या बाजूचे असतो. पुढे गाडी भलतीच गळ्यात पडते, पैसे संपतात, वाळवंटात रस्ता चुकतो. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर तो धावत येतो, दोन-चार सेकंद मान हलवतो आणि निघतो. जगातले एवढे मोठे आश्चर्य, पण ते वॉली वर्ल्ड नव्हते.

वाटेत एलनची एडना मावशी गाडीत चढते. तिला फिनिक्सला मुलाकडे सोडायचे असते. बाई कटकटी आहे. मुलांना टोमणे, जावयाला टोमणे, सोबत चावरा कुत्रा. तो कुत्रा क्लार्क गाडीच्या मागे बांधतो आणि विसरून गाडी चालू करतो. पुढे मावशीही बसल्या जागी मरते. झोपली असेल असे समजून गाडी धावत राहते. कळल्यावर तिला सामानाबरोबर टपावर बांधतात. फिनिक्सला मुलगा घरी नसतो, म्हणून भर पावसात मागच्या अंगणात खुर्चीत बसवून, घाईघाईत एक प्रार्थना पुटपुटून सर्वजण पुढे निघतात.

सेमिनरीत आम्ही सर्वात जास्त हसलो ते इथेच. ह्या वेळीही मला हसू आले. आईला इंग्रजी येत नाही, ती शांतपणे बघत होती. चित्रपट संपल्यावर तिने एकच विचारले, “आणि त्या म्हातारीला माती कुणी दिली रे?”

“सिनेमा आहे, आई,” मी म्हटले.

“ते मला समजते,” ती म्हणाली आणि जेवण वाढायला उठली.

हसलो म्हणून पाप झाले का, असा प्रश्न मला पडला नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी विनोदबुद्धीला सद्गुण मानले आहे. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्यालाही हसू देत नाही, त्यालाही त्यांनी दोष दिला आहे. मरण तर विनोदाला वर्ज्य मुळीच नाही. आपल्याकडे मयताच्या घरी रात्री जागताना काय काय किस्से निघतात, ते आपण सर्वजण जाणतो. पण ते किस्से गेलेल्या माणसाचे असतात. तो हसण्याच्या मध्यभागी असतो. एडना मावशी टपावर असते.

मला बोचला तो क्लार्क. तो दुष्ट नाही. त्याच्याइतकी बायकोमुलांच्या आनंदाची काळजी करणारा बाप शोधून सापडणार नाही. आणि नेमकी तीच अडचण आहे. हेतू चांगला असला म्हणजे कृती चांगली ठरत नाही, कृती स्वतः आणि तिची परिस्थितीही बघावी लागते, असे अक्वायनस शिकवतात. परीक्षेत हे मी पाठ करून लिहिले होते. क्लार्कचा हेतू इतका उजळ आहे की त्या उजेडात त्याला शेजारी बसलेली माणसे दिसेनाशी होतात. सहवासासाठी त्याने रस्ता निवडला आणि रस्त्यावर सहवासाचेच ओझे झाले. शेवटी वॉली वर्ल्ड दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा हा भला गृहस्थ छऱ्यांची बंदूक दाखवून पहारेकऱ्याला आत न्यायला लावतो. मालक रॉय वॉली येतो, त्याला स्वतःच्या कुटुंबाची अशीच एक सहल आठवते आणि तो क्लार्कला क्षमा करतो. क्षमेचे हे मूळ मला आवडले. पण एडना मावशीची क्षमा कुणी मागत नाही. प्रेक्षकांच्याही ध्यानात येत नाही. लेखक जॉन ह्यूज ह्यांनी तिला कटकटी केले आहे ते मला वाटते ह्याचसाठी. ती गोड असती तर आपण हसलोच नसतो. त्रासदायक माणसाचे मरण आपल्याला कमी लागते का? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, हो, कधी कधी लागते. तोबित मात्र जिवाची भीती असताना रस्त्यावरची प्रेते उचलून माती देत असे. ती माणसे स्वभावाने कशी होती, हे शास्त्र सांगत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातही एक कौटुंबिक प्रवास आहे. वल्हांडण सण आटोपून मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परत निघाले. बारा वर्षांचा येशू सोबतच्या माणसांत असेल, असे समजून ते एक दिवसाची वाट चालले. पवित्र कुटुंबाकडूनही अशी चूक झाली! सोबत आहे म्हणजे आहेच, असे आपण धरून चालतो. फरक एवढाच की ते माघारी फिरले आणि तीन दिवसांनी तो सापडला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भावंडे आईला घेऊन वेलंकनीला गेलो होतो. आखणी माझी होती, सहा दिवसांत नऊ ठिकाणे. एका देवळात ती नुकतीच बाकावर टेकली होती आणि मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. ती उठली. काही बोलली नाही. तिला अजून किती वेळ बसायचे होते, हे मी तेव्हा विचारले नाही. ह्या नाताळात विचारले, तर तिला ते देऊळही आठवत नव्हते.

मे महिन्यात आपल्यापैकी बरीच कुटुंबे बाहेर जातील. ज्या घरी आजीआजोबा किंवा आजारी माणूस मागे राहणार असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. कम्युनियन घेऊन मी येईन. जरा बसायलाही येईन.