जंजिऱ्याची दौलत

जगातल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीयांची नावे दरवर्षी छापून येतात. गेली अनेक वर्षे पहिले नाव नायजेरियाच्या अलिको डांगोटे यांचे असते. त्यांच्या मागे अमेरिकेतले गुंतवणूकदार रॉबर्ट स्मिथ, ओप्रा विन्फ्री अशी नावे येतात. इतिहासात शिरायचे झाले की लिहिणारा थेट मालीच्या मनसा मूसापाशी पोचतो. तो १३२४ साली हजला निघाला आणि वाटेत कैरोमध्ये त्याने इतके सोने वाटले, की तिथला सोन्याचा भाव उतरला. या दोन टोकांच्या मधल्या शतकांत आफ्रिकी माणसाची दौलत कुठे होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्याचे एक ठसठशीत उत्तर मात्र आमच्या रोह्याहून केळघरच्या घाटापलीकडे समुद्रात उभे आहे.

मुरूडचा जंजिरा आम्ही लहानपणापासून पाहतो तो न जिंकला गेलेला किल्ला म्हणून, आणि सिद्दी म्हणजे स्वराज्याचा हाडवैरी म्हणून. त्यात खोटे काही नाही. रोह्याच्या आसपासचे घोसाळगड, तळगड, सुरगड हे किल्ले सिद्दी आणि मराठे यांच्या ओढाताणीतच झिजले. खुद्द रायगड १६८९ नंतर १७३३ पर्यंत सिद्द्याच्या हाती होता. श्रीवर्धनच्या भटांना घरदार सोडावे लागले तेही सिद्द्याच्याच त्रासाने, आणि त्याच घरातून पुढे पेशवे झाले. पण वैर लक्षात ठेवताना आपण एक गोष्ट विसरलो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांच्या वारसांनी राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर तीन शतकांहून अधिक काळ सत्ता आणि संपत्ती राखली. जगाच्या आर्थिक इतिहासातही हे उदाहरण विरळा आहे.

ही दौलत आली कशी? दख्खनच्या सुलतानांना इथल्या अमीर-उमरावांच्या भाऊबंदकीत न अडकलेली, धन्याशी बांधलेली माणसे हवी होती. हबशी गुलाम लढवय्ये म्हणून विकत घेतले जात आणि कर्तबगारी दाखवली की बंधमुक्त होऊन वर चढत. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर मोखा, बगदाद असा विकला जात अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही हबशीच, एके काळचा गुलाम. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर अंबरने निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे राज्य आपल्या हिमतीवर चालवले. त्याच्यापाशी किती मोहरा होत्या हे सांगता येणार नाही, आणि मला ते महत्त्वाचेही वाटत नाही. त्याने जमिनीची पाहणी करून पिकाच्या मानाने सारा बांधला. १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर काढून पाणी दिले. १६२६ मध्ये तो गेला. सात वर्षांत त्याचा मुलगा फत्तेखान दौलताबाद मोगलांच्या हवाली करून मोकळा झाला. घराण्याची दौलत गेली, नहर मात्र पुढे कित्येक पिढ्यांना पाणी देत राहिली.

जंजिऱ्याची गोष्ट वेगळी. तिथली दौलत एका माणसाची नव्हती, म्हणून एका नालायक वारसाने बुडाली नाही. जंजिऱ्यात बाप मेला की मुलगा गादीवर, असा नेम बराच काळ नव्हता. सरदार मिळून आरमारातला कर्ता माणूस पुढे करत. १६७०-७१ च्या सुमारास फत्तेखान नावाचाच दुसरा एक सिद्दी, जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख, किल्ला शिवाजी महाराजांना देण्याच्या बेतात होता. तेव्हा संबळ, कासीम आणि खैरियत या तिघा सिद्द्यांनी त्यालाच कैद केले आणि औरंगजेबाची चाकरी पत्करली. त्या बदल्यात आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून नेमणूक मिळाली. पुढे याच कासीमने, म्हणजे याकूतखानाने, १६८९ मध्ये मुंबई बेटावर फौज उतरवून इंग्रजांना त्यांच्याच किल्ल्यात कोंडले. ही कोंडी सैल पडावी म्हणून कंपनीला बादशहापुढे नाक घासावे लागले आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला. ज्या कंपनीने पुढे सारा हिंदुस्थान घशात घातला, तिची ही अवस्था एका आफ्रिकी वंशाच्या आरमारप्रमुखाने केली होती.

राजपुरीहून शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दरवाजाशी उतरले, की भिंतीत एक शिल्प दिसते. वाघासारखे एक जनावर, आणि त्याच्या पंजांत, तोंडात, शेपटीत पकडलेले चिमुकले हत्ती. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, बुरुजावर कलालबांगडी तोफ आहे. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी आणि चहूकडून येणाजाणाऱ्या गलबतांवर नजर, हेच जंजिऱ्याचे भांडवल होते. जकात, मीठ, नारळ-सुपारीच्या बागा आणि जंगलातले लाकूड या सगळ्यांच्या उत्पन्नाला त्या जागेची राखण होती.

या दौलतीचे गोडवे गायला माझे मन धजत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे, बायकापोरे धरून नेऊन विकण्याचा उद्योग सिद्द्यांनीही केला. ज्यांचे पूर्वज मोख्याच्या बाजारात उभे केले गेले, त्यांनीच आमच्या गावांतल्या लोकांना बाजार दाखवला. म्हणून केवळ कृष्णवर्णीयाच्या हाती संपत्ती आली एवढ्यावर हरखून जाणे मला पटत नाही. संपत्ती कोणाच्या हाती आली, याच्याइतकाच ती कशातून आली आणि कोणाच्या उपयोगी पडली हाही प्रश्न विचारला पाहिजे. जंजिऱ्याला तो विचारला तर उत्तर संमिश्रच येते.

इंग्रजांच्या अमलात वारसाहक्क पक्का झाला, आरमार उरले नाही आणि सिद्दी इतर संस्थानिकांसारखे नवाब झाले. मुरूडला राजवाडा उभा राहिला. त्याआधीच, १७९१ मध्ये, घराण्याच्या एका वारसाने पेशव्यांशी तह करून जंजिऱ्यावरच्या हक्काच्या बदल्यात सुरतेजवळचे सचिन मिळवले होते. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही, पण हिंदुस्थानात हबशी घराण्याची दोन संस्थाने झाली. १९४८ मध्ये दोन्ही विलीन झाली. नवाबाचे शिकारीचे रान आज फणसाडचे अभयारण्य आहे. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेल्या त्या जंगलात आता शेकरू राखले जाते. एका घराण्याच्या करमणुकीसाठी राखलेली झाडे सर्वांची झाली, ही मला त्या दौलतीची सर्वांत चांगली परिणती वाटते.

डांगोटे यांच्याकडे पाहतानाही मला जंजिरा आठवतो. त्यांचे पणजोबा अल्हसन दांताता हे भुईमूग आणि कोला फळांच्या व्यापारातून पश्चिम आफ्रिकेतले गडगंज श्रीमंत झाले होते. म्हणजे शून्यातून वर आलेल्या माणसाची ही कथा नव्हे. सिमेंट बाहेरून आणण्याऐवजी देशातच बनवावे, असे नायजेरियाच्या सरकारने ठरवले आणि त्या धोरणावर त्यांचे कारखाने फोफावले. तिथेही एका अर्थी खाडीचे तोंड हाती असण्यालाच महत्त्व आले. २०१४ च्या सुमारास २५ अब्ज डॉलर मोजली गेलेली मालमत्ता नायरा हे तिथले चलन घसरताच काही वर्षांत निम्म्याहून खाली आली, आणि त्यांचा लेक्की इथला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाल्यावर पुन्हा चढली. हे आकडे बाजाराचे आहेत. नायजेरियातल्या गरिबाच्या चुलीवर काय शिजते, ते त्यांतून कळत नाही.

आपल्याकडे ते कळायला कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जावे लागते. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलांत सिद्दी राहतात. त्यांतले बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळालेल्यांचे वंशज आहेत. कोकणी, कन्नड आणि मराठी बोलणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या सुपारीबागांत मजुरी करत आले. २००३ मध्ये त्यांची अनुसूचित जमातींत नोंद झाली, तेव्हा कुठे शिक्षणाची आणि नोकरीची दारे किलकिली झाली. त्यांच्यातले शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. जंजिऱ्याचा नवाब आणि यल्लापूरचा मजूर यांचे पूर्वज त्याच आफ्रिकेतून, तसेच गुलाम म्हणून आले होते. एकाच्या वाट्याला किल्ला, आरमार आणि बादशाही नेमणूक आली. दुसऱ्याला जंगलात लपण्यापुरती जागा मिळाली, आणि ती कसण्याच्या हक्कासाठी त्याला अजूनही कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.