‘उपनयन’ या शब्दाचा अर्थ

श्रीक्षेत्री मुलाची मुंज करण्याचा संकल्प करून येणाऱ्या यजमानांचा कार्यालयातील पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की विधी किती वेळात आटोपेल? प्रश्न गैर नाही. परगावच्या मंडळींना परतीची गाडी गाठावयाची असते. तथापि या संस्काराचे जे मूळ संस्कृत नाव आहे, त्याचा अर्थ ध्यानी घेतल्यास यजमानांनी स्वतःविषयीही काही विचारावयास हवे, असे वाटते.

मुंज नावाच्या तृणाची मेखला कटीस बांधावयाची म्हणून ‘मुंज’ आणि व्रताचे बंधन स्वीकारावयाचे म्हणून ‘व्रतबंध’. ही दोन्ही नावे बटूकडे पाहून ठेवलेली आहेत. ‘उपनयन’ हे नाव मात्र निराळे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘नी’ धातूचा अर्थ नेणे. ज्ञानाचा आणखी एक डोळा, अशी या शब्दाची फोड कित्येकदा ऐकावयास मिळते. ती गोड आहे, परंतु मूळ व्युत्पत्ती ती नव्हे. (डोळ्याला ‘नयन’ म्हणतात तेही तो आपणांस नेतो म्हणूनच!)

नेणारा कोण, याचा विचार पाणिनींनी सूक्ष्मपणे केला आहे. ‘नी’ धातू कोणकोणत्या अर्थी आत्मनेपदी चालवावा, हे सांगताना अष्टाध्यायीतील १.३.३६ या सूत्रात त्यांनी ‘आचार्यकरण’ हा एक अर्थ दिला. बटूला ‘उपनयते’ असे म्हणावयाचे. काशिकावृत्तीचा आशय असा, की बटूला आपल्या समीप आणताना आणणारा स्वतःला आचार्य करीत असतो. मुंज लागते ती एकाची, पण बदलतात दोघे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील ब्रह्मचर्यसूक्तात तर आचार्य शिष्याला तीन रात्री गर्भाप्रमाणे उदरात धारण करतो, असे वर्णन आहे.

जवळ आणणे म्हणजे डोळ्यांसमोर बसवून ठेवणे, असाही अर्थ नव्हे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाला आपले गोत्र ठाऊक नव्हते. आईने जे सांगितले तेच त्याने हारिद्रुमत गौतमांना जसेच्या तसे सांगितले. त्या सत्यवचनावर संतुष्ट होऊन गौतमांनी त्याला समिधा आणावयास सांगितले, त्याचे उपनयन केले आणि चारशे कृश गायी देऊन रानात धाडले. गायी सहस्र झाल्यावर तो परतला. वाटेत वृषभ, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला होता. तरीही विद्या आचार्यांकडूनच घ्यावयाची म्हणून तो पुन्हा गौतमांसमोर उभा राहिला. हे सामीप्य इतकी वर्षे रानात टिकले होते.

आपल्याकडे बहुधा वडीलच आचार्यस्थानी बसून मुलाला गायत्रीचा उपदेश करतात. पूर्वी अध्ययन संपल्यावर व्हावयाचे समावर्तन, म्हणजे सोडमुंज, आता कित्येक घरी त्याच दिवशी उरकते. त्याने बटूचे व्रत सुटले असे मानू. परंतु वडिलांनी त्या सकाळी पत्करलेले आचार्यत्व कोणत्या विधीने सुटले? मुलगा दहावीत गेला, परगावी शिकावयास राहिला, उलट उत्तर देऊ लागला, तरी त्याने परत येऊन ज्याच्यासमोर उभे राहावे असा माणूस घरी असावयास हवा.

म्हणूनच यजमानांना विनंती, की मुंजीच्या आदल्या दिवशी सायंकाळी मुलासह पुरोहितांकडे यावे आणि गायत्रीचा अर्थ प्रथम स्वतः समजून घ्यावा. मुलाला काही विचारावयाचे असल्यास त्याला विचारू द्यावे.