सेवक-नेतृत्व आणि पाड्यावरचा अभ्यासवर्ग

नेत्याने आधी सेवक असावे, ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये एका निबंधात मांडली आणि तिला ‘सेवक-नेतृत्व’ हे नाव दिले. ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक समर्थ आणि अधिक स्वतंत्र झाली का, ही त्याची कसोटी होती. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखाला ही कसोटी नवी नाही. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, स्वयंसेवी शाळा चालवल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना हौतात्म्य आले. हौतात्म्याचे स्मरण दरवर्षी होते. धान्यकोठीचे त्या मानाने फार कमी होते, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू असून ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमिनीच्या दाव्यांची पहिली तपासणी ग्रामसभेकडेच सोपवली आहे. म्हणूनच या भागातील श्रमिक मुक्ती संघटना किंवा श्रमजीवी संघटना यांसारख्या संघटनांच्या परंपरेत जी शिबिरे आणि अभ्यासवर्ग रुजले, त्यांच्यासमोरचा खरा विषय भाषणकला नसून कारभार हा आहे.

वनहक्काच्या नियमांनुसार दाव्याला किमान दोन पुरावे लागतात आणि त्यांत, दावेदार सोडून, गावातील ज्येष्ठ व्यक्तीचा लेखी जबाबही धरला जातो. हा जबाब लिहून घेणे म्हणजे सेवक-नेतृत्वाचा संपूर्ण अभ्यासक्रमच होय. म्हातारा सांगतो ते नाचणी-वरीच्या पिकाच्या, ओहोळाच्या, कुणाच्या तरी लग्नाच्या खुणेने. लिहिणाऱ्या तरुणाला त्यातून १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट, म्हणजे जमिनीचा प्रत्यक्ष ताबा आणि कसणूक, शोधायची असते, पण सांगणाऱ्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घालायचे नसतात, आणि अंगठा घेण्याआधी सारे पुन्हा वाचून दाखवायचे असते. अनुभवी कार्यकर्त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याने त्या वेळी गप्प राहणे हे वर्गात शिकवण्याजोगे सर्वांत अवघड कौशल्य आहे. नम्रता हा स्वभावगुण मानला की ते शिकवणे अशक्य वाटते. ती कामाची रीत मानली की तिचा सराव करता येतो.

मात्र वर्ग केव्हा भरतो, यावरही सेवेची पारख होते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात; ग्रामसभेच्या रूढ चार तारखांपैकी २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही नेमक्या त्याच काळात येतात. २०१२ च्या सुधारित नियमांनी वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला आवश्यक ठरवल्या आहेत, त्यामुळे सर्वांत गरजू कुटुंबे बाहेर असताना भरलेली सभा गणपूर्तीअभावी अडते किंवा त्यांच्यावाचून निर्णय घेते. भाताची लावणी आटोपल्यावर, पाड्यावरच, स्वयंपाक उरकल्यानंतरच्या वेळी वर्ग घेणाऱ्या संयोजकाला हे कळलेले असते. त्या वर्गाचे मोल पुढच्या वर्षीच्या इतिवृत्तावरून, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीवरून ठरवावे: ती नोंद अजून संयोजकच लिहीत असेल, तर वर्ग पुन्हा घ्यावा लागेल.