परक्या देवाचे गाणे

तापीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरात एका देवळाच्या उत्सवाची तयारी चालू असता एक लहानसा वाद उपस्थित झाला. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील एक मुलगी अभंग फार गोड गाते. तिला सभामंडपात गाऊ द्यावे की नाही? एका वयोवृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांच्या बोलण्यात द्वेषाचा लवलेश नव्हता. ते म्हणाले, “ज्या मूर्तीपुढे ती हात जोडीत नाही, तिला आळवणारा तिचा सूर खरा कसा मानावा? ते नाट्य होईल, भजन कसे होईल?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचा विचार करताना मला पॅट्रिशिया रोझारिओ या गायिकेचे स्मरण होते. 1960 साली मुंबईत एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात शिक्षण घेतले. त्यांचा कंठ ‘सोप्रानो’, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील स्त्रीकंठाची सर्वांत उंच जात. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने तीसहून अधिक रचना त्यांच्यासाठी केल्या. टॅव्हनर ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या 1992 सालच्या संगीत-नाटकात वाळवंटातील तपस्विनीची भूमिका रोझारिओंनी गाइली. पुढे 2003 साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये रात्रभर चाललेल्या त्यांच्या सुमारे सात तासांच्या रचनेतही त्या गाइल्या. तिच्यात ख्रिस्ती प्रार्थनांच्या जोडीला उपनिषदांनाही स्थान आहे.

आता, ज्या पंथात जन्म त्याचेच पवित्र शब्द मुखी शोभतात असे मानले, तर त्या रात्रीचे अर्धेअधिक गाणे खोटेच ठरावे. परंतु श्रद्धा ही अंतःकरणातील वस्तू. ती मोजणार कोण? आरती ओवाळताना ज्याचे मन बाजारात भटकते त्या पुजाऱ्याचा हात आपण धरीत नाही. दिसते ती निष्ठा: शब्दाचा अर्थ जाणून घेणे, उच्चार शुद्ध राखणे, आणि आपला आवाज मिरविण्यासाठी त्या शब्दाचा उपयोग न करणे. इतके कष्ट एखाद्याने परक्या प्रार्थनेसाठी केले, तर ती त्याला परकी राहते काय?

आमच्या गावालाही हे नवे नाही. सोळाव्या शतकात कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठल या ब्राह्मण पंडिताने फारुकी सुलतान बुऱ्हाणखानाच्या आश्रयास ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत संगीतग्रंथ रचला. आश्रयदात्याचा धर्म निराळा म्हणून त्यातील राग अशुद्ध झाले नाहीत.

तथापि त्या वृद्धांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असेही मी म्हणणार नाही. भजनाचे नाट्य होऊ शकते. मात्र ते आपल्याही मुखी होऊ शकते, एवढेच त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

अखेर त्यांनीच त्या मुलीला बोलावून विचारले, “बाळ, जो अभंग गाणार आहेस, त्याचा अर्थ सांगशील?” तिने ओळीमागून ओळ घेऊन तो सांगितला. मग ते आम्हा टाळकऱ्यांकडे वळले आणि तोच प्रश्न त्यांनी आम्हांस केला. आम्ही खाली पाहू लागलो. वर्षानुवर्षे तो अभंग आम्ही म्हणत आलो होतो.

त्या रात्री ती मुलगी गाइली, आणि टाळ आम्हीच धरले.