समुद्रात गेलेल्यांची नावं

ठाणे पूर्वेला, कोपरीत, मीठबंदर रोड संपतो तिथे खाडी लागते. हे पाणी पुढे मुंबईच्या बंदराला मिळतं. त्याच बंदरातून 8 डिसेंबर 1971 ला आयएनएस खुकरी निघाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली. बुडायला तिला काही मिनिटंच लागली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

खुकरी म्हटलं की आपल्याला कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आठवतात, आणि आठवायलाच हवेत. स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजाबरोबर गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं. त्यांची मुलगी अमिता मुल्ला वट्टल पुढे दिल्लीच्या स्प्रिंगडेल्स शाळेच्या प्राचार्या म्हणून देशभर ओळखल्या गेल्या. एका घराचं पुढे काय झालं, ते आपल्याला थोडंफार माहीत आहे. त्या 176 जणांची घरंही होती. बॉयलर सांभाळणारे, स्वयंपाकघरात राबणारे, सोनारच्या यंत्राला कान लावून बसलेले असे हे लोक. त्यांच्या बायका, आया, शाळेत जाणारी मुलं यांच्याविषयी आपण कधी चौकशी केली?

जमिनीवर लढताना गेलेल्या जवानाचं पार्थिव पुढे पुढे तिरंग्यात गुंडाळून गावी येऊ लागलं. सगळा गाव जमतो, मुलगा अग्नी देतो, आईला हंबरडा फोडायला जागा मिळते. समुद्रात गेलेल्याच्या घरी येतो तो फक्त कागद. आपल्या धर्मशास्त्राने या घरांचा विचार फार पूर्वी केला होता. देह सापडला नाही तर पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, ही रूढीही जुनीच. मग ही बारा वर्षं त्याच्या बायकोने कसं राहायचं? मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं? हळदीकुंकवाला तिला बोलावायचं की नाही? शेजारीपाजारी हे तोंडावर विचारत नाहीत, पण तिला ते रोज ऐकू येतं. आताच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली: सात वर्षं ज्याची खबरबात नाही, तो मृत मानता येतो. युद्धनौका बुडाली तर नौदल स्वतःच कळवतं, त्यामुळे कागदांचा प्रश्न लवकर सुटतो. मनाला मात्र मुदत घालता येत नाही. कुठल्यातरी मच्छीमाराने उचललं असेल, शत्रूच्या तुरुंगात असेल, असं वाटत राहतं. देह पाहिला नाही तोवर या आशेला खोटं ठरवणार कोण?

सरकारनेही या बायकांच्या आयुष्यात नको तितका हात घातला, हे सांगितलंच पाहिजे. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केला की पदकाचा भत्ता बंद व्हायचा. दिराशीच लग्न केलं तर मात्र तो चालू राहायचा. नवऱ्याच्या शौर्याचा मान तिने सासरच्या उंबऱ्याआड राहूनच घ्यावा, असा याचा अर्थ. ही अट जायला 2017 साल उजाडलं. मला ही गोष्ट संतापजनक वाटते.

तरीही गणवेशातल्या खलाशाचं नाव कुठेतरी कोरलेलं असतं. दीवला खुकरीचं स्मारक आहे, दिल्लीत 2019 पासून राष्ट्रीय समरस्मारक आहे. व्यापारी जहाजावर गेलेल्याचं काय? दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस भारतीय उपखंडातला होता. कोकणातले, गोव्यातले, बंगालातले लोक सारंग, टिंडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी अशा हुद्द्यांवर राबत. एंजिनरूमच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस जहाजाच्या पार तळाशी असे. टॉर्पेडो लागला की वर यायला त्याला सगळ्यात कमी वेळ मिळे. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये सिटी ऑफ बेनारस हे जहाज बुडालं. कॅनडाला पाठवलेली 77 मुलं त्यात गेली म्हणून जग हळहळलं. त्याच रात्री शंभरच्या आसपास भारतीय खलाशीही गेले, आणि त्यांच्यासाठी रडले ते फक्त त्यांच्या घरचे. त्या महायुद्धात साडेसहा हजारांच्या आसपास भारतीय व्यापारी खलाशी मारले गेले.

त्यांची नावं आहेत, आणि ती कोपरीपासून लांबही नाहीत. ठाण्याहून धीमी लोकल धरून मस्जिदला उतरायचं. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास सहा हजार व्यापारी खलाशांची आणि रॉयल इंडियन नेव्हीच्या 400 जणांची नोंदवही आहे. तिचीच दुसरी प्रत चितगावला आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीहून रोज लाखो माणसं मस्जिदवरून सीएसएमटीला जातात. त्यांतल्या कितींना हे ठाऊक असेल?

हा इतिहासजमा विषय नाही. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. 6 मार्च 2024 ला ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. 21 जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं, त्यांत एक भारतीय होता. युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आणि मृत्यू आल्यास दुप्पट भरपाई अशा तरतुदी आंतरराष्ट्रीय करारांत आहेत, पण त्या करारांच्या कक्षेतल्या जहाजांपुरत्या. एजंटला पैसे मोजून मिळेल त्या जहाजावर चढणाऱ्या पोराला नकार परवडतो का? घरी कर्ज असतं, अलॉटमेंटची, म्हणजे पगारातून घरी येणाऱ्या पैशांची, वाट पाहणारी आई असते. तो गेला तर शहीद म्हणून त्याच्या दारात कोणी येत नाही. लढाई त्याची नव्हती, हे त्यामागचं कारण असेल, तर तेच कारण त्याचं मरण अधिक अन्यायाचं ठरवतं.

मस्जिदच्या त्या नोंदवहीतली कोकणातली आणि आपल्या किनारपट्टीवरची नावं शोधून राज्य सरकारने ती देवनागरीत, गावांनुसार छापावीत, आणि त्या त्या ग्रामपंचायतीत लावावीत. आज परदेशी जहाजांवर युद्धात मरणाऱ्या मराठी खलाशांची नोंदही त्याच यादीत पुढे चालू ठेवावी. आणि वाचकहो, तुमच्या घरात आजोबा-पणजोबांपैकी कोणी बोटीवर जाऊन परतलं नसेल, तर त्यांचं नाव, गाव आणि जहाजाचं नाव लिहून ठेवा. आठवणारी माणसं थोडी उरली आहेत. त्यांना या दिवाळीतच विचारा.