पहिले शील आणि प्रयोगशाळेतला उंदीर



१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. दोनच महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई त्याच रोगाने गेल्या. हे आठवले की सशांचा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

इथे दुबई-शारजात आपली मुले फार्मसी, बायोटेक शिकतात. प्रयोगात उंदीर मेला तर शील मोडले का, असे ती विचारतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पण ‘गरज’ हा फार सोयीचा शब्द. (आम्ही आयटीवाले तर कशालाही रिक्वायरमेंट म्हणतो.) म्हणून रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली कसोटी लावावी: प्राण्याशिवाय भागेल का? कमी प्राण्यांत होईल का? वेदना कमी करता येतील का?

आणखी एक. फसलेल्या प्रयोगाचे आकडे दडवू नका. दडवले तर दुसरा कुणी तोच प्रयोग पुन्हा करील, आणि तेवढेच उंदीर पुन्हा मरतील.